हेरन, बुकिंग नंबर २१७

मेलवीदि, तंजावूर
३ मार्च २०२५

चि. विनुतेस अनेक आशीर्वाद.

पुन्हां पुढें ढकलली! वाचलेंस कां त्या हलकटांचें मेल? "कळविण्यास अतिशय आनंद होतो" असा आरंभ. आनंद कसला, तर गाडी ह्या वर्षीं नाहीं, पुढच्या वर्षाअखेर. म्हणे दारें अधिक चांगलीं करीत आहेत. अरे, दोन दारें! उघडी गाडी, डोक्यावर छप्पर नाहीं, तिच्या दोन दारांस सहा वर्षें?

फोनवर मीं ओरडलों कीं तूं "अण्णा, नंतर बोलू" सांगून ठेवून देतेस. पत्र तसें ठेवतां येणार नाहीं, म्हणून लिहितों. शिवाय ह्या घरांत नागरी वाचणारा मीं एकटाच उरलों, तेव्हां शिव्या मोकळ्या मनानें देतां येतात. तुझी वहिनी कमलाक्षी मागें उभी राहून बघते आणि "काय लिहितां एवढें दांत खाऊन?" विचारते. मीं सांगतों, "विनूला आशीर्वाद लिहितों."

तुझे बाबा, आमचे बाळकृष्णमामा, गेले आणि त्यांची जुनी हेरन मोटार विकली, तेव्हां तूं एकोणीस वर्षांची होतीस, मीं तेवीस. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर त्यांनीं आपणां दोघांस तिच्यावर शिकविलें. क्लच जोरानें सोडला कीं मागून टाळकें बडवीत. पुढें ती करणारी ब्रॅम्बली कंपनीच बुडाली. मग २०१९ त कोणी नवे मालक तें नांव विकत घेऊन उभे राहिले, नवी हेरन दोन वर्षांत देतों म्हणाले, आणि आपण दोघां मूर्खांनीं निम्मी तुझी निम्मी माझी अशी बुक केली. सहा महिने पुण्यांत, सहा महिने इकडे. बायपासला गेलेल्या जमिनीचें जें आलें तें मीं तिच्यांत घातलें. दोनशे सतरा नंबर. तो नंबर मजला माझ्या नोकरीच्या नंबरापेक्षां पाठ आहे.

माझें लायसन जानेवारीपर्यंत आहे. जानेवारींत सत्तर पुरीं होतात. मग पुन्हां डॉक्टरची सही लागेल, आणि काचबिंदूच्या माणसास कोण सही देतें? मागच्या वर्षीं ऑपरेशन जाहलें, डोळा बरा आहे. पण कागदावर तें लिहिलें गेलें तें गेलें. म्हणजे जानेवारीच्या आंत. एकदां. मजला ती एकदां ओरत्तनाडूपर्यंत न्यायची आहे, पुढचें तूं घे. आतां हे पुढच्या वर्षाअखेर म्हणतात!

मीं लिहिणार आहें त्यांना. असें लिहीन कीं वाचणाऱ्याचे कान लाल होतील.

तुझा,
रघुनाथअण्णा


पुणे
१५ मार्च २०२५

प्रिय अण्णा,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझ्याइतकीच भडकले. मला पण आलंय ते मेल. खाली त्या बाईची सही, "हॅपिनेस मॅनेजर"! हिला कोणी पगार देतं का याचा? आपलं ते वाट बघणाऱ्यांचं मंडळ आठव. व्हॉट्सॲपवर आपण चौतीस जण होतो. स्कॉटलंडचा तो म्हातारा गेला, कोइंबतूरच्या शिवराजनं कंटाळून नाव काढलं, आणि कोण कुठला न्यूझीलंडवाला रोज जुन्या हेरनचा फोटो टाकून "गुड मॉर्निंग" म्हणतो. मी त्याला ब्लॉक केलं. पासष्टाव्या वर्षी मी एका गाडीपायी माणसं ब्लॉक करतेय!

तू शिव्या लिहून काही होणार नाही, अण्णा. सहा वर्षं तू हेच करतोयस. ते लोक तुझी पत्रं चहा पिताना एकमेकांना वाचून दाखवत असतील. आमच्या शेजारी कीर्तना राहते, ग्राहक कोर्टातली वकील आहे. तिच्याकडून मी चेन्नईच्या एजंटाला रीतसर नोटीस लावते. कोणत्या तारखेला काय ठरलं, गाडी नेमकी कुठं अडलीय, सगळं लेखी मागते. जानेवारी म्हणजे जानेवारी. तुझ्या हातात किल्ली देऊन मी बाजूला बसणार आहे. टाळकं बडवायला.

आणि एक. तू रागात लिहितोस ते कळतं, पण उजवीकडे कागद संपतो याचं तरी भान ठेव. निम्म्या ओळींचे शेवटचे शब्द कागदाबाहेर गेलेत. "हलकट" तेवढा पूर्ण आलाय.

वहिनींना नमस्कार.

विनुता


तंजावूर
२ एप्रिल २०२५

चि. विनुतेस आशीर्वाद.

वकील नको. नोटीस नको. हें माझें भांडण आहे, मीं बघतों. कोर्टांत गेलें कीं ते हात झटकतील, "प्रकरण चाललें आहे" सांगतील, आणि गाडी आणखी दोन वर्षें नाहीं. कीर्तनेस माझे आशीर्वाद सांग आणि तिजला गप्प बैस म्हण.

मीं परवां इंग्रजींत तीन पानें पाठविलीं. त्यांत विचारलें कीं तुम्हीं गाडी करतां कीं पंचवार्षिक योजना. पॉलिटेक्निकांत तीस वर्षें ड्रॉइंग शिकविलें मीं. दाराचें बिजागर काढून द्या, एका दुपारीं आंखून देतों, असेंही लिहिलें. उत्तर आलें, "तुमच्या उत्साहाबद्दल आभार." उत्साह! मजला संताप आला आहे आणि ही गाढवें त्यास उत्साह म्हणतात.

तूं ह्यांत हात घालूं नको, हें पुन्हां सांगतों. थोरला आहें तुझा.

रघुनाथअण्णा


पुणे
२० जून २०२५

अण्णा,

हात घातला. तू नको म्हणालास तरी घातला, आणि बरं झालं घातला.

एजंटाचं लेखी उत्तर आलंय. माझ्यासमोर आहे, एकेक शब्द वाचून सांगते. मागच्या वर्षी जुलैत, २६ तारखेला, त्यांनी आपल्याला गाडी देऊ केली होती! पहिल्या वीस गाड्या जुन्याच दारांसह भारतात येणार होत्या, त्यात २१७ होता. दहा दिवसांत सही करून कागद पाठवायचा होता. "ग्राहकाच्या तंजावूर येथील नंबरावर संपर्क केला असता, आडि महिना असल्याने आता गाडी नको, असे सांगण्यात आले. नकार नोंदवून क्रमांक यादीच्या शेवटी टाकला."

आडि! अण्णा, तू आडि म्हणून हेरन परत पाठवलीस?

मी हे चारदा वाचलं. माझा विश्वास बसेना. इथं पुण्यात लोक आषाढात गाड्या घेतात, अमावास्येला घेतात, कोणाचं काही अडत नाही. आपण मराठी माणसं, आडि आपला कधीपासून झाला? बाबा असते तर हसून लोळले असते. आणि त्यावर वर्षभर तू मला पत्रं लिहितोस, फोनवर ओरडतोस, कंपनी चोर, कंपनी गाढव! म्हणून वकील नको होता होय? म्हणून "माझं भांडण"?

निम्मी गाडी माझी आहे. एक फोन करायचा होतास. मी विमानानं येऊन सही केली असती. मला इतका राग आलाय की हे पत्र कुरियरनं पाठवतेय, पोस्टावर पण माझा भरवसा राहिलेला नाही.

विनुता


तंजावूर
२७ जून २०२५

विनुता,

खोटें! साफ खोटें! मजला कोणीही फोन केला नाहीं. देवाच्यानें सांगतों, बृहदीश्वराच्या गाभाऱ्यांत उभा राहून सांगेन. मीं हेरन नाकारीन? सहा वर्षें जी मजला जेवतांना, अंघोळ करतांना दिसते, ती मीं नाकारीन?

आणि आडि आपला नव्हे म्हणजे काय? साडेतीनशें वर्षें ह्या मातींत राहून, ह्यांचें सांबार खाऊन, आडि तेवढा परका? तूं पुण्यास जाऊन फार शहाणी जाहलीस. पण तें असो. मीं नकार दिला नाहीं. कोणी एजंटानें आपलें पाप झांकायला हें रचलें आहे, आणि तूं, माझी बहीण, त्याचें पत्र खरें मानून मजला जाब विचारतेस.

एवढें होतें तर पत्र लिहायचें कष्ट कशास घेतलेस. पोदुम. पुरे.

रघुनाथ


तंजावूर
४ जुलै २०२५

सौ. विनुतेस कमलाक्षीचे आशीर्वाद.

हें तमिळ अक्षरांत लिहितें. मजला नागरी येत नाहीं, तुजला तमिळ वाचतां येतें. तुझें कुरियर आलें त्या दिवसापासून हे जेवत नाहींत धड. "मीं नकार दिला? मीं?" असें भिंतीस विचारीत फिरतात. मग मजला कळलें.

विनुता, तें मीं सांगटलें. मागच्या वर्षीं ह्यांचा डोळा बांधलेला, हे आंत निजलेले, आणि मीं चिंच कोळत होतें. फोन वाजला. चेन्नईची कोणी मुलगी. "मामी, गाडी आली आहे, दहा दिवसांत सही पाठवा." मीं सांगटलें, "अम्मा, आडि चालला आहे. आडींत कोणी नवें वाहनम् घरीं आणतें कां? हा महिना जाऊन आवणी लागूं दे, मग करूं." तिनें "शरि मामी" सांगटलें. शरि म्हणजे होकार कीं नाहीं? मजला वाटलें, काम जाहलें. आवणीची मीं वाट बघितली. कोणी फोन केला नाहीं. मजला वाटलें, नेहमीसारखाच उशीर करतात. ह्यांना डोळ्याच्या दुखण्यांत सांगायचें तेव्हां राहिलें, आणि पुढें सांगण्यासारखें त्यांत काय होतें?

मीं नको सांगटलें नाहीं. नंतर सांगटलें. त्यांनीं आम्हांस पांच वर्षें थांबविलें, मीं त्यांस एक महिना थांबा सांगटलें, तर आमचा नंबर गेला! हा कोणता न्याय? शरि सांगून तिनें कागदावर नकार कां लिहिला, हें तूं त्यांना विचार. तूं शिकलेली आहेस, वकिलीण आहे तुझ्या शेजारीं.

आणि मजला तुम्हां दोघांचाही राग आला आहे, तोही सांगतें. ओरत्तनाडूची जमीन कोणाची होती? माझ्या अप्पांनीं लग्नांत मजला दिलेली. ती बायपासला गेली, तिची गाडी बुक जाहली, कागदावर नांव रघुनाथ आणि विनुता. माझें नांव कोठें आहे? दहा दिवस म्हणजे काय, यादी म्हणजे काय, हें कोणी मजला सांगटलें? फोन उचलायला मात्र मीं. सांगटलें असतें तर चिंच टाकून स्वतः चेन्नईस जाऊन अंगठा दिला असता.

आतां ह्यांना सांगूं कीं नको, तें तूंच ठरव. मीं भितें असें समजूं नको. पण जानेवारीच्या आंत गाडी आली नाहीं तर हे मोडतील, विनुता. रोज दुपारीं गाडीसाठीं मोकळ्या ठेवलेल्या जागेंत खुर्ची टाकून बसतात. तेथें मजला कपडे वाळवूं देत नाहींत.

कमलाक्षी


पुणे
२८ जुलै २०२५

प्रिय अण्णा,

आधी माफी. नकार तू दिला नव्हतास. तो कोणीच दिला नव्हता. चूक एजंटाच्या ऑफिसची होती. "पुढच्या महिन्यात बघू" याला त्यांनी "नको" करून टाकलं होतं. फोन कोणी घेतला ते विचारू नकोस. ज्यांनी घेतला त्यांची काडीची चूक नाही, आणि त्यांचं नाव त्या कागदावर नाही याची मला आता लाज वाटते.

मी आणि कीर्तना चेन्नईला जाऊन आलो. तुला मुद्दाम सांगितलं नाही. त्या मॅनेजरसमोर मी जी काही बोललेय, अण्णा, तू ऐकायला हवा होतास. तमिळमध्ये! चाळीस वर्षांत एवढं तमिळ बोलले नव्हते. "आमच्या घरच्या बाईनं तुम्हाला आवणीची तारीख दिली, तुम्ही तिला शरि म्हणालात, आता शब्द पाळा," इथून सुरू केलं ते त्यांच्या साहेबानं खाली येऊन मला खुर्ची दिली तोवर थांबले नाही.

त्यांनी लेखी चूक कबूल केली. एका माणसानं त्याची गाडी सोडलीय, ती आपली. हिरवी, बाबांच्या हेरनसारखीच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईला! तुझ्या लायसनला तीन महिने उरतात. तीन महिने, अण्णा! रोज जा ओरत्तनाडूला.

सोबत कागद पाठवतेय. दोघांच्या सह्या लागतात. माझी केलीय, फुलीच्या खाली तुझी कर आणि लगेच पाठव. ३१ ऑगस्टच्या आत.

तुझी,
विनू


पुणे
२९ ऑगस्ट २०२५

अण्णा,

हे काय चाललंय? महिना झाला. कागद नाही, पत्र नाही. फोन केला तर "पूजेत आहे", "झोपलोय", "गणपतीचं बघतोय". वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, कागद टेबलावर आहे, हे रोज उचलून बघतात आणि परत ठेवतात.

अजून रुसलायस का माझ्यावर? मग रुस. रुसून सही कर. सहा वर्षं बोंबललास गाडी गाडी म्हणून, आता दारात आणून ठेवतेय तर पेन उचलत नाहीस? त्या मॅनेजरच्या हातापाया पडून मी पंधरा सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून घेतलीय. मी. जी आजवर कोणाच्या हातापाया पडली नाही.

उत्तर दे. नाहीतर मी तिथं येतेय, आणि मग तुझं काही खरं नाही.

विनुता


तंजावूर
११ सप्टेंबर २०२५

चि. विनूस आशीर्वाद.

हें पत्र मीं चौथ्यांदा लिहितों. आधींचीं तीन फाडलीं. ओळी कागदाबाहेर जात असतील. तें रागानें नव्हे. तो राग नव्हताच कधीं. उजवीकडचा कागद मजला दिसत नाहीं.

मागच्या वर्षीं पट्टी काढली, मग आगस्टांत एकदां मीं एकटा तपासायला गेलों, टाऊन बसनें. तेथें एक भांड्यासारखें यंत्र आहे, त्यांत तोंड घालून बसायचें. आंत बारीक दिवे लागतात, दिसला कीं बटण दाबायचें. मीं बसलों. मजला वाटलें, यंत्र बिघडलें आहे, दिवे लागतच नाहींत. डॉक्टरीण बाईंनीं कागद काढून दाखविला. उजवीकडे सगळें काळें. मीं त्या कागदाकडे बघून विचारलें, हें पुढें बरें होईल कां. त्या सांगटल्या, गेलें तें गेलें, उरलें तें राखूं. आजपासून गाडी नाहीं, स्कूटर नाहीं, सायकलही नाहीं.

घरीं येऊन कमलाक्षीस सांगटलें, सर्व उत्तम आहे.

म्हणजे जुलैंत ती गाडी आली असती तरी मजला चालवितां आली नसती. हें मजला तेव्हांपासून ठाऊक आहे, विनू. तुजला पहिलें पत्र लिहिलें तेव्हां ठाऊक होतें. जानेवारी, लायसन, एकदां ओरत्तनाडू, सर्व ठाऊक असून लिहिलें. ते उशीर करीत होते तोंवर मीं त्यांच्यावर ओरडूं शकत होतों. प्रत्येक मेल आलें कीं ओरडायचों आणि आंतून बरें वाटायचें. आणखी सहा महिने मीं गाडी न मिळालेला माणूस, आंधळा होत चाललेला नव्हे. म्हणून वकील नको होता. आणि तूं चेन्नईस जाऊन माझ्यासाठीं भांडलीस. ती गाडी तूं खरोखर मिळवलीस. तुझें पत्र वाचून मजला इतका राग आला तुझा! तुझा राग कशाबद्दल, हें कोणास सांगूं?

सही करणार नाहीं. माझें नांव काढ. त्या जागीं काय लिहायचें, कोणाचें लिहायचें, गाडी ठेवायची कीं सोडायची, तें कमलाक्षीस विचार. जमीन तिची होती. फोन तिनें घेतला हेंही आतां मजला कळलें. तिनें स्वतः सांगटलें, मीं माझें सांगटल्यावर.

काल सकाळीं कॉफीच्या वेळेस तिजला सांगटलें. भांड्यासारखें यंत्र, काळा कागद, डॉक्टरीण बाई, सर्व. मजला वाटलें, रडेल, नाहींतर "माझ्याशीं खोटें बोललांत" सांगून ओरडेल. ओरडली असती तर मींही ओरडलों असतों, तें मजला येतें. तिनें हातांतला कॉफीचा डबरा खालीं ठेवला.

विनू, त्या तपासणीनंतरही दर शुक्रवारीं मीं तिजला स्कूटरवर तिरुवैयारूस नेतों. तिची बहीण भामा तेथें वीणा शिकविते, दोघी बहिणींचा तो एक दिवस. पांच नद्यांचे पूल, ऊंस भरलेल्या लॉऱ्या, त्या बसगाड्या. उजवीकडून काय येतें तें मीं कानानें ओळखीत होतों. एकदां कंडियूरला एक बस इतकी जवळून गेली कीं तिच्या साडीचा पदर उडाला. तिनें विचारलें, "काय जाहलें?" मीं सांगटलें, "त्या ड्रायव्हरला डोळे नाहींत."

तिजला तें सर्व एकदम आठवलें असावें. तिनें मजला एवढेंच विचारलें, "मीं मागें बसत होतें, तें तुमच्या ध्यानांत होतें कां?"

होतें, विनू. दर शुक्रवारीं होतें. तरी बसविलें.

रघुनाथ